मावशीचं वजन

सोमवार, ३ फेब्रुवारी
मावशी ४३१ ग्रॅम.

ही वही मूळची दुकानातली, गिऱ्हाइकांच्या वजनकाट्यांच्या नोंदींची. निम्मी कोरी राहिली होती. दुकान बंद करून दोन महिने झाले. आता काटा दुरुस्तीला कोणी आणत नाही, बिघडला की फेकतात आणि नवा घेतात. मला मात्र वही फेकवेना, म्हणून नव्या धंद्याचं रोजचं यातच लिहायचं ठरवलं.

धंदा म्हणजे दाढीवाले सरडे. हौशी लोक त्यांना बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात आणि एकेका पिल्लाला जे पैसे मोजतात ते ऐकून मला खाली बसावं लागलं. आमच्याकडे मादी आयतीच आहे. लेकीची. लेक दहा वर्षांची असताना हट्ट करून घेतली होती, तेव्हा बोटभर होती. आज तीन वर्षांनी शेपटीसकट हातभर झाली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर करून अशी जोखते की माझी थोरली मावशीच काचेच्या पेटीत बसली आहे असं वाटतं. नाव मीच ठेवलं. लेक आधी रुसली, मग तीही तेच म्हणायला लागली.

तिला विचारलं, मावशीला पिल्लं झाली तर चालेल ना? ती म्हणाली, "तिला काही होणार नाही ना?" मी म्हणालो, काही होत नसतं, निसर्गच आहे तो.

हे मी रिकामा बसलोय म्हणून करत नाहीये. नीट हिशेब करून करतो आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी
मावशी ४३३. साहेब ४९०.

नर आणला. मान अशी हलवतो जणू प्रत्येक कागदावर सही करायचीच आहे, म्हणून साहेब. त्याच्यासाठी दुसरी पेटी, उबेचा दिवा, उन्हासारखा उजेड देणारी नळी, तापमापक, कॅल्शियमची भुकटी. साहेबांपेक्षा साहेबांचा सरंजाम महाग. मेहुणा जेवायला आला होता. पेटीकडे बघून म्हणाला, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नंतर हात धुताना आणखी एक सोडली, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मी हसलो. त्याच्या बहिणीच्या पगारावर सध्या घर चालतं, तेव्हा हसावं लागतं.

ही इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस दोन पाळ्या करणार आहे. म्हणाली, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. मी म्हणालो, चारच.

बुधवार, १२ फेब्रुवारी
दोघांना एकत्र ठेवलं. साहेबांनी दाढी काळी केली, माना डोलावल्या आणि मग मावशीची मान दातांत धरली. लेक खोलीतून निघून गेली. नंतर तिने भिंग लावून मावशीच्या मानेवरची खूण बघितली आणि दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. मी सांगितलं की यांच्यात असंच असतं. म्हणाली, तुम्ही तिला विचारलं होतं का? या वयात पोरी वकील होतात.

सोमवार, ३ मार्च
मावशी ४९६.

पोट दोन्ही बाजूंना फुगलंय. बोट हलकेच फिरवलं की आत गोट्या लागतात.

चिमट्याचा फोन आला होता. हा माझ्याच हाताखाली शिकला. सतत हातात चिमटा असायचा म्हणून चिमट्या. आता त्याची स्वतःची कंपनी आहे. गोदामांतले मोठे काटे तपासायला जाणकार माणूस हवा आहे, रोजावर. "तुमच्यासारखा हात कोणाचा नाही, दादा," म्हणाला. मी म्हणालो, सध्या माझं दुसरं चालू आहे. ज्याला मी वजनं पुसायला लावली त्याच्याकडे हजेरी लावायची म्हणजे फारच झालं.

रविवार, १६ मार्च
मावशी ३९८.

बावीस अंडी!

कालपासून अन्नाला तोंड लावत नव्हती. लेकीने कुठेसं वाचलं होतं की तिला उकरायला ओली वाळू लागते. गच्चीवरची मोठी प्लास्टिकची टाकी तिने घासून आणली, त्यात वितभर ओली वाळू भरली. मावशीने सकाळी नऊला उकरायला सुरुवात केली. पुढच्या पायांनी मागे, मागच्यांनी आणखी मागे. दुपारी नुसती शेपटी बाहेर होती. पाचच्या सुमाराला अंडी घालून बाहेर आली, वाळू परत लोटली, नाकाने थापून सपाट केली आणि तिथेच पाय पसरून पडली. लेक सगळा दिवस टाकीशेजारी जमिनीवर बसून होती, जेवली पण तिथेच.

अंडी जुन्या बर्फपेटीत ठेवली आहेत. ऊब देणारी तार आणि तापमान राखणारा स्विच मी स्वतः बसवला, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. साठ-सत्तर दिवस. बावीसला एका पिल्लाच्या दराने गुणलं आणि आकडा हिला दाखवला. ही म्हणाली, बाजारात तुरी. पुढचं बोलली नाही, डोळे मिटत होते तिचे.

मावशीचं वजन मात्र फार उतरलं. मऊ झाली आहे पिशवीसारखी. भरपाई करायला हवी.

शनिवार, २९ मार्च
मावशी ४१६.

वर चढते आहे. धंद्याचं पाऊल पुढे पडलं. बावीस पिल्लं दिवसाला पाच वेळा खाणार, प्रत्येक वेळी दहा-वीस किडे. विकत घेतले तर पिल्लं विकूनही किड्यांचे पैसे फिटायचे नाहीत. म्हणून किडे घरीच वाढवायचे. खास झुरळं मिळतात, वास नाही, उडत नाहीत. ही म्हणाली, जन्मभर झुरळं मारली, आता पाळा.

त्यांना अंधारी, खोल जागा लागते. वाळूची टाकी अगदी मापात बसली. वाळू खालच्या झाडांना टाकून दिली. लेक शाळेतून आल्यावर टाकी शोधत होती. म्हटलं, अंडी घालून झाली, आता मावशीला वाळू कशाला? पुन्हा जोडी लावीन तेव्हा नवी आणू. ती म्हणाली, ठेवली असती. टाकी एकच आहे आणि तोंडं बावीस, हे तिला कोण सांगणार.

रविवार, ६ एप्रिल
मावशी ४३७.

आठ दिवसांत एकवीस ग्रॅम. भुकटी आणि हिरवा पाला लागू पडतोय. अंड्यांपैकी सात पिवळी पडून बसली, फेकली. पंधरा राहिली.

आज हिची अंगठी मोरीत पडली. भांडी घासताना आपोआप निसटली म्हणे. तासभर खपून मोरीखालच्या नळीचं वळण उघडलं, सापडली. अंगठ्या जुन्या झाल्या की सैल होतात. सोनाराकडून आवळून आणायला हवी.

रविवार, १३ एप्रिल
मावशी ४५८.

लेक म्हणते, मावशी खात नाही. सकाळचा पाला संध्याकाळी तसाच असतो, किडा पुढे धरला तर तोंड फिरवते. मी तिला वही दाखवली. रोजची नोंद, रोज चढती. न खाता वजन वाढत असतं तर मी दुकान बंद करून उपोषणाचा धंदा काढला असता. ती म्हणाली, "मग तुम्हीच बघा ना बसून." मी म्हणालो, बसायला वेळ कुठे आहे, अंड्यांचे पाच डझन पुठ्ठ्याचे ट्रे झुरळांना लपायला कापून द्यायचे आहेत. तीस वर्षं हेच सांगत आलो, माणूस खोटं बोलेल, काटा बोलत नाही.

गुरुवार, १७ एप्रिल
मावशी ४६९.

नवीनच खोड. दिवसभर पेटीचा कोपरा खरवडते. काचेवर नखांचा आवाज, एका लयीत. पलीकडे साहेबांची पेटी आहे, बहुतेक त्यांची आठवण येत असावी. दुपारी ही रात्रपाळी करून झोपलेली असते, तिची झोपमोड होते म्हणून कोपऱ्यात पुठ्ठा लावला. संध्याकाळी पुठ्ठ्याचा भुगा झाला होता. दुहेरी लावला.

लेक पुन्हा म्हणाली, ती उकरतेय बाबा. मी म्हटलं, खरवडतेय.

सोमवार, २१ एप्रिल
मावशी ४७५.

हिचा हात भाजला. वाफेच्या इस्त्रीखाली. दुसऱ्या पाळीच्या शेवटच्या तासाला उभ्या उभ्या डोळा लागला. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. सुट्टी घे म्हटलं तर म्हणाली, डाव्या हाताने घड्या घालता येतात. चहा करून दिला, तोही सांडला.

शोभेच्या माशांच्या दुकानाचा मालक परवापासून मागे लागला आहे. अंडी घातलेली, सिद्ध झालेली मादी त्याला हवी आहे, नरासकट. रोख देतो म्हणतो. त्या पैशात हिची दुसरी पाळी दोन महिने तरी बंद होईल. पिल्लं निघाली की त्यातली एक चांगली मादी लेकीला देईन. तिचीच लेक, म्हणजे तीच. एवढं समजायला तेरा वर्षं पुरेत.

तरी लेकीला आधी सांगायचं नाही असं ठरवलं.

बुधवार, २३ एप्रिल
मावशी ४७६.

सगळं लिहितो. जसं झालं तसं.

लेक शाळेत गेल्यावर मावशीला बुटांच्या खोक्यात घातली. पेटीतून बाहेर येईना, पाय ओढत होती. मला वाटलं, आळसावली आहे. साहेबांना नंतर न्यायचं होतं. दुकानात मालक गिऱ्हाइकाला मासे मोजून देत होता. त्याने मला हातानेच खुणावलं, ठेवा. मी मावशीला त्याच्या काट्यावर ठेवली. काटा शून्यावर नव्हता, चार ग्रॅम पुढे होता, ते मला आधी दिसलं.

मालकाने आकडा बघितला आणि म्हणाला, "मस्त भरलीय." आणि गल्ल्याकडे वळला. त्याने एकदाही मावशीकडे पाहिलं नाही.

मग मी पाहिलं. तिची दाढी कोळशासारखी काळी होती. पुढच्या पायांची बोटं थरथरत होती, थंडी वाजल्यासारखी. आणि त्या थरथरत्या पायांनी ती काट्याचं स्टीलचं ताट उकरत होती. दोनदा उकरायची, थांबायची, डोळे मिटायची, परत दोनदा. पाठीचा कणा दिसत होता. कमरेची हाडं वर आली होती. सगळं वजन पोटात होतं, बाकी अंगावर काहीच नव्हतं. मी रोज सकाळी तिला उचलून काट्यावर ठेवत होतो आणि वहीत मान घालत होतो. नेमका मीच.

मालक नोटा मोजत होता. मी म्हणालो, ही आजारी आहे, देत नाही. तो म्हणाला, "अहो, मी कुठे तक्रार करतोय?" खोकं कुठे ठेवलं ते आठवेना. त्याने स्वतःची एक पिशवी दिली, त्यात तिला अलगद ठेवली आणि चालत सुटलो.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई दोन चौक पलीकडे बसतात. त्यांनी पोट चाचपलं आणि विचारलं, खाणं कधीपासून बंद आहे? मी वही काढली, वजनांचा रकाना पुढे केला. त्या म्हणाल्या, वजन नको, खाणं सांगा. मग पानं मागे उलटताना लेकीचं वाक्य सापडलं, तेरा तारखेला. मीच लिहिलेलं, थट्टेत. दहा दिवस. पुढे खरवडल्याचं सापडलं, सतरा तारखेला. तेही वाचून दाखवलं. बाई लिहून घेत राहिल्या.

एक्स-रेमध्ये अंडी दिसली. एकोणीस. मी म्हटलं, पण जोडी परत लावलीच नाही. त्या म्हणाल्या, एकदा लावलेली पुरते, मादी महिन्याभराने दुसरी खेप घालते, कधी तिसरीही. कवचाला लागणारं कॅल्शियम खाण्यातून आलं नाही तर स्वतःच्या हाडांतून काढून देते. उकरायला जागा मिळाली नाही तर धरून ठेवते. फार दिवस धरली की मग घालताच येत नाहीत. खाल्लं नाही तरी पाणी पिते, ते अंड्यांत जातं, म्हणून वजन चढत राहतं.

शस्त्रक्रिया करायची. अंडाशयही काढावं लागेल. वाचायची शक्यता निम्मी. खर्च सांगितला, त्यात अशा पाच माद्या आल्या असत्या. वाचली तरी पुन्हा अंडी नाहीत, हेही त्यांनी नीट सांगितलं. मग विचारलं, प्राणी कोणाचा? मी म्हणालो, मुलीचा. त्या म्हणाल्या, मग तिला बोलवा.

शाळेतून तिला रिक्षाने आणलं. वाटेत सगळं सांगितलं, दुकान सोडून. आत गेल्यावर तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "वाळू असती तर तिने घातली असती का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "बहुतेक घातली असती."

कागदावर पालकाची सही लागते म्हणून मी केली.

गुरुवार, २४ एप्रिल
वजन घेतलं नाही. ती तिकडेच आहे.

सकाळी आठला चिमट्याला फोन केला. म्हटलं, जागा आहे का अजून? तो म्हणाला, तुमच्यासाठीच ठेवलीय. उचल मागितली. मागताना वाटलं होतं तेवढं मेल्यासारखं झालं नाही. तो फक्त म्हणाला, "दादा, घरी कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, मावशी. तासाभरात त्याने पैसे पाठवले.

दुपारी दोनला बाईंचा फोन. शस्त्रक्रिया झाली, श्वास चालू आहे. आज-उद्याचं काही सांगता येत नाही. फोन ठेवल्यावर मी झुरळांच्या टाकीपुढे किती वेळ उभा होतो कोण जाणे. हिने हाक मारली तेव्हा भानावर आलो. ती डाव्या हाताने केस विंचरत होती, कामावर निघण्यासाठी. तिचा दंड दिसला. हा एवढा बारीक कधी झाला? म्हटलं, आज जाऊ नकोस. म्हणाली, का? म्हटलं, सोमवारपासून मी जातोय चिमट्याकडे, दुसरी पाळी आजच बंद कर. तिने कंगवा ठेवला. मग पलंगावर बसली आणि तशीच आडवी झाली. संध्याकाळी सातपर्यंत झोपली.

शनिवार, २६ एप्रिल
मावशी घरी आली. पोटावर टाक्यांची रांग. लेकीने तिची पेटी स्वतःच्या खोलीत नेली. साहेबांना डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचं एक घर मिळालं आहे, अंड्यांतून जी निघतील तीही त्या एकेक करून चांगल्या घरी देतील. त्यात पैसे नाहीत. मी हो म्हणालो.

लेक औषधाची बाटली लावून ठेवत होती. मी दारात उभं राहून सांगितलं, बुधवारी मी मावशीला विकायला नेली होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात आली ती माशांच्या दुकानाच्या पिशवीत होती."

मी म्हणालो, परत आणली पण. ती म्हणाली, "आणलीत." आणि बाटलीचं झाकण घट्ट केलं. मला रडू येत होतं आणि ते तिच्यापुढे येऊ नये असंही वाटत होतं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडला. चुकलो. गिऱ्हाइकाचा काटा चुकला तर मी तो पुन्हा जुळवून देत असे, इथे काय जुळवायचं ते समजत नाही.

बुधवार, ३० एप्रिल
कामाचा तिसरा दिवस. ट्रक तोलायचे काटे, माणूस त्यावर उभा राहिला तर आकडा हलतही नाही. पाय दुखतात. घरी येतो तोवर लेकीच्या खोलीचं दार बंद असतं. ही सांगते, सकाळ-संध्याकाळ नळीने औषध देते, दुपारी कोमट पाण्यात बसवते. मावशी अजून स्वतः काही खात नाही. सहा दिवस झाले. बाई म्हणाल्या होत्या, आठ-दहा दिवसांत खायला हवं, नाहीतर अवघड आहे. मी रोज हिला विचारतो, खाल्लं का. लेकीला विचारायला जीभ रेटत नाही.

शनिवार, ३ मे
आज लवकर सुटलो. दार उघडं होतं. लेक जमिनीवर पालथी पडली होती, हनुवटी हातांवर, पेटीचं दार सरकवलेलं. मी उंबऱ्याशी थांबलो. तिच्या बोटांत एक किडा होता, पाय काढलेला, मऊ. मावशीच्या तोंडापुढे धरून ती हलतही नव्हती. मावशी डोळे मिटून होती. दोन मिनिटं गेली असतील, पाचही असतील. मी घड्याळ बघितलं नाही. मग मावशीने एक डोळा उघडला. मान थोडी तिरकी केली. जीभ बाहेर आली, परत गेली. परत आली आणि किडा गेला. चावताना तिचा गळा वरखाली होत होता, तेवढंच मी बघत होतो.

लेकीने मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, "बाबा, दार लावा. तिला वारा लागतो."

आतून लावू की बाहेरून, ते तिने सांगितलं नाही. मी आतून लावलं.